तिसरं बदक थांबलं नाही

ती बदकं पहिल्यांदा माझ्याच टेबलावर जोडली गेली. फार्मवर स्वच्छ, कोरडं आणि भरपूर उजेडातलं असं ते एकच टेबल होतं. एरवी त्यावर मी आजारी पक्षी तपासायचे. मालकांच्या एका पाहुण्याने परदेशातून लांबुळक्या पिशवीत घालून तीन बदकं भेट आणली होती. प्लास्टिकचं अंग, हिरवं डोकं, पोटात बॅटरी आणि मोटर, आणि दोन्ही कुशींत खुपसायचे पत्र्याचे पंख. पंखांची एक बाजू पांढरीशुभ्र, दुसरी काळपट. खाली चिखलात रोवायला लोखंडी काठी. तळ्याचं सगळं बघणाऱ्या चाचांनी एकाला पंख बसवले आणि पाहुण्याने रिमोटचं बटण दाबलं.

पंख गरगर फिरायला लागले. पांढरं-काळं, पांढरं-काळं, इतकं भरभर की पंख दिसेनासे झाले, नुसती लुकलुक उरली. खरं बदक पाण्यावर उतरताना पंख फडफडवतं ना, ते लांबून अगदी असंच दिसतं. मी सहज मागे वळून पाहिलं. भिंतीलगतच्या पिंजऱ्यांत माझे पेशंट होते, कुणाचा पाय सुजलेला, कुणाचे डोळे आलेले. सगळी बदकं जाळीला येऊन चिकटली होती. माना ताणलेल्या. आवाज एकाचाही नाही.

"पाहिलंत डॉक्टर?" पाहुणा खुशीत येऊन इंग्रजीत म्हणाला. "त्यांना राहवतच नाही."

मला ते काही बरं वाटलं नाही. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मी टेबल पुसायचं निमित्त करून पाहुण्याला बटण बंद करायला लावलं.

मी जनावरांची डॉक्टर. परभणीला शिकले, मग काही वर्षं पोल्ट्रीत काढली. नवऱ्याला दुबईजवळ जबल अलीत एका वेअरहाउसमध्ये मॅनेजरची नोकरी लागली तेव्हा आम्ही इकडे आलो. अबू धाबीत अल रीम आयलंडवर फ्लॅट, मुलीची शाळा, नवऱ्याची रोजची ड्रायव्हिंग, असं सगळं मार्गी लागलं आणि मी मात्र बाराव्या मजल्यावरून समुद्र बघत बसले. हे काम मिळालं तेव्हा नवरा म्हणाला, "वाळवंटात बदकं? कुणी चेष्टा तर करत नाहीये ना तुझी?" चेष्टा नव्हती. अबू धाबीपासून तास-दीड तास आत एका खाजगी फार्मवर शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं मोठं तळं होतं. काठाला माणसापेक्षा उंच बोरू माजला होता. तिथे आम्ही हिरव्या डोक्याची बदकं अंड्यापासून वाढवायचो, पायात कडी घालायचो, आणि हिवाळ्यात काही ठरावीक दिवशी मालकांचे पाहुणे त्यांची शिकार करायचे.

लोक विचारतात, हातानं वाढवलेला पक्षी मारायला देताना तुला काही वाटत नाही का? मी पोल्ट्रीतून आलेली. कोंबडी कशासाठी वाढवतात हे मला ठाऊक होतं. इथली बदकं निदान उडून बघायची, आणि बरीचशी सुटायचीही. मी या प्रश्नाशी माझ्यापुरता समझोता केला होता. ज्याच्याशी समझोता नव्हता ती गोष्ट वेगळी होती: रानपक्षी. इथला कायदा त्या बाबतीत कडक आहे. आमच्या परवान्यात फक्त कडी घातलेली, फार्मवरची बदकं होती. पडलेल्या प्रत्येक पक्ष्याची कडी मी तपासायची आणि खाली सही करायची. रानबदक आभाळात दिसलं तरी बंदुका खाली, हा मालकांचा नियम होता आणि ते स्वतः हजर असले की तो पाळला जायचा.

मालकांना कामगार अरबाब म्हणत, मी सर म्हणायचे. कमी बोलणारा माणूस. बोलले की हळू बोलायचे, त्यामुळे समोरच्याला पुढे झुकून ऐकावं लागायचं.

आता ही फिरत्या पंखांची बदकं कशाला हवी होती, तर आमची बदकं शहाणी झाली होती म्हणून. पहिल्या हिवाळ्यात ती मुकाट्याने तळ्यावर घिरट्या घालायची. दुसऱ्या हिवाळ्यात पहिला बार झाला की सगळी रस्ता ओलांडून पलीकडच्या एका साचलेल्या पाण्यावर जाऊन बसायची ती संध्याकाळी चारा खायलाच परतायची. पाहुणे काठावरच्या आडोशात, लपणात, बसून कॉफी पीत राहायचे. त्यावर हा उपाय.

चाचणी एका संध्याकाळी झाली, बंदुकांशिवाय. चाचांनी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिन्ही काठ्या रोवल्या. चाचा सिंधमधले, साठीच्या घरातले. लहानपणापासून पाण्यात वाढलेले असावेत, कारण चिखलात चालताना त्यांच्या पायाखाली आवाजसुद्धा होत नसे. बटण दाबलं आणि थोड्याच वेळात रस्त्यापलीकडून आमची बदकं थव्याथव्याने परत यायला लागली. मालकांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

आणि मग आमच्या बदकांच्या मागोमाग आणखी दोन पक्षी खाली आले. मान लांब आणि सडपातळ, शेपटीला सुईसारखं टोक. तलवार बदकं. कॉलेजात असताना आम्ही नाथसागरावर पक्षी मोजायला जायचो तेव्हा थंडीत कुडकुडत मी ती हजारांनी पाहिली होती. इतक्या वर्षांनी, वाळवंटात, अशी समोर! क्षणभर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण दुसऱ्याच क्षणी ती कुठे उतरलीत ते लक्षात आलं. ती थेट त्या लुकलुकत्या यंत्राशेजारी उतरली होती, लपणापासून अगदी टप्प्यात.

मी मालकांकडे गेले. "सर, या मशीनला आपलं बदक कुठलं आणि रानातलं कुठलं, हे कळत नाही."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग पाहुण्याच्या हातातला रिमोट घेऊन माझ्या हातात दिला. "हा डॉक्टरांकडे राहील. रानपक्षी दिसला की बंद. खलास."

पाहुणा हसला. पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

शिकारीच्या आदल्या दिवशी मी फार्मवरच मुक्कामाला राहायचे. त्या संध्याकाळी फोनवर नवऱ्याला रिमोटचं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ती मोठी माणसं आहेत. त्यांच्या खेळात स्विच आपल्या हातात कशाला? इलेक्ट्रिशियनला द्या म्हणावं."

"इलेक्ट्रिशियनला तलवार बदक ओळखता येतं का?"

"तुला ओळखता येतं हीच पंचाईत आहे," तो म्हणाला. मागून मुलीचा आवाज आला, "Mama, are the robot ducks scary?" मी म्हटलं, "नाही गं बाळा, खेळण्यासारखी आहेत."

सकाळी उठले तर खिडकीबाहेर काही नव्हतं. नुसतं पांढरं. हिवाळ्यात इथे असं धुकं पडतं की हात लांब केला तर बोटं ओली होतात. फोनवर धुक्याचा इशारा कर्कश वाजून गेला. थोड्याच वेळात मालकांचा फोन आला. ते रस्त्यात अडकले होते. पुढे गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. "मी येईपर्यंत सुरू करू नका," ते म्हणाले. मी लपणाकडे गेले आणि पाहुण्याला निरोप दिला.

खजुराच्या झावळ्यांचं ते लपण. आत बाकडं, थर्मास, काडतुसांची पेटी. पाहुणा आधीच बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. तळ्याच्या पलीकडच्या काठाला दुसरं लपण होतं, त्यात त्याचा मेहुणा. मध्ये बोरूची एक लांब जीभ पाण्यात शिरलेली, त्यामुळे या लपणातून ते लपण दिसत नसे. दोघांकडे वॉकी-टॉकी होते. दोन नकली बदकं आमच्यासमोर होती. तिसरं त्या बोरूच्या टोकापलीकडे, मेहुण्याच्या बाजूला.

"तो येईल तेव्हा येईल," पाहुणा म्हणाला. "पक्षी त्याच्यासाठी थांबणार नाहीत. सुरू करा, डॉक्टर."

"सरांनी सांगितलंय..."

"त्याला मी वीस वर्षं ओळखतो. तुम्ही किती?"

चाचा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मालकांच्या जुन्या मित्राला फार्मवर कुणी नाही म्हणत नसे. मी रिमोट घट्ट धरून बसले. तेवढ्यात धुकं जरा विरळ झालं आणि रस्त्याच्या दिशेने आमच्या बदकांचा ओळखीचा गलका ऐकू आला. मी मनाशी म्हटलं, ही आपलीच आहेत. सुरू करू, रानातलं काही दिसलं तर बंद करू. बटण माझ्याच हातात आहे. मी दाबलं.

पहिला थवा आमचाच होता. बार झाले, पक्षी पडले, चाचांनी ते आणले. मी प्रत्येकाचा पाय उलटून कडी पाहिली. सगळं ठीक. पलीकडूनही दोन बार ऐकू आले. पाहुण्याने मला थर्मासमधून कॉफी देऊ केली. मला वाटलं, मी उगाच घाबरत होते.

मग वरून आवाज आला. आमच्या बदकांचा गलका नव्हे. बारीक, शीळ घातल्यासारखा, आणि त्याखाली पंखांची सळसळ, खूप पंखांची. मी झावळ्यांतून मान बाहेर काढली. धुक्यात एक मोठा थवा वळत होता. लांब माना. टोकदार शेपट्या. पन्नास असतील, शंभर असतील. रात्रभर उडून आले असावेत आणि धुक्यात त्यांना खाली दिसत काय होतं? फक्त ती पांढरी लुकलुक. ते गोल घेत घेत खाली येत होते, दर गोलाला आणखी खाली.

"रानातले आहेत," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

समोरच्या दोन बदकांचे पंख थांबले. बोरूच्या टोकापलीकडे लुकलुक तशीच चालू होती. मी पुन्हा दाबलं. हात वर करून दाबलं, बाहेर येऊन दाबलं. तिसरं थांबेना; सुरू करताना पोचलेला सिग्नल आता ओल्या बोरूतून पोचत नसावा. थव्याने आमच्याकडची बाजू सोडली आणि त्या एका फिरत्या बदकाकडे वळला. मेहुण्याच्या बंदुकीसमोर.

"त्यांना सांगा थांबायला!" मी पाहुण्याला म्हटलं. "वॉकीवर सांगा! हे परवान्यात नाहीत."

पाहुण्याने वॉकी-टॉकीला हात लावला नाही. "डॉक्टर, बदक म्हणजे बदक," तो अगदी शांतपणे म्हणाला. "बसा खाली."

मी हात पुढे केला. "मग मला द्या." त्याने तो उचलून खिशात घातला.

मी ओरडले, टाळ्या वाजवल्या. धुकं आवाज गिळत होतं. आणि मग मी पाण्यात उतरले. त्याआधी काही विचार केला असं मला आठवत नाही. जखमी पक्षी उचलायला मीही जायचे, त्यामुळे छातीपर्यंतचा रबरी सूट अंगात होताच. मागून चाचांचा आवाज आला, "डॉक्टर साहिबा, मत जाइए! उधर वाले को आप दिखेंगी नहीं!"

ते मला पाण्यात पाय टाकल्यावर कळलं. बोरूचं टोक ओलांडलं की मी मेहुणा आणि त्या थव्याच्या मधोमध येणार होते, आणि तो वर बघत असणार, खाली नाही. तळाशी पाणी मुरू नये म्हणून अंथरलेलं काळं प्लास्टिक आणि वर चिखल. प्रत्येक पाऊल घसरत होतं. पाणी मांडीला, मग कमरेला. पळता येत नाही. पाण्यात घाई केली की माणूस फक्त जास्त पाणी ढकलतो. मी बोरू हाताने धरत धरत पुढे सरकत होते आणि डोक्यावर पंखांचा आवाज इतका खाली आला होता की वारा कानाला लागत होता.

टोक ओलांडलं. समोर हातभर अंतरावर ते प्लास्टिकचं बदक, पंख गरगर, आणि त्याच्या पलीकडे धुक्यात लपणाची काळी आकृती.

तेवढ्यात बार झाला.

आवाजाच्या आधी पाणी उडालं. माझ्या उजवीकडे मूठभर खडी फेकल्यासारखं. कमरेला काहीतरी चावलं. मी ओरडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की जिवावर बेतलं की तोंडात कुठली भाषा येते. "अरे थांबा! माणूस आहे इथं! माणूस आहे!" इंग्रजी नाही, हिंदी नाही. त्या लपणातल्या माणसाला त्यातला एक शब्दही कळणार नव्हता.

आणि मागून डबा वाजायला लागला. चाचांनी चाऱ्याचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला होता आणि काठीने बडवत होते. ठणठण, ठणठण. पाहुणा त्यांच्यावर ओरडत होता, ते ऐकू येत होतं, पण डबा थांबला नाही. रोज संध्याकाळी हाच डबा वाजला की आमची बदकं चाऱ्याला यायची. बोरूतून, काठावरून, कुठून कुठून ती क्वॅक क्वॅक करत निघाली. त्या गोंधळात दुसरा बार झाला नाही. धुक्यातून मेहुण्याचा गोंधळलेला आवाज आला, "What is happening there?"

मी यंत्राला पकडलं. एक पंख बोटांवर बसला, रक्त आलं. मोटर घुंघुं करत राहिली. शेवटी काठीसकट उपसून ते पाण्याखाली दाबलं, तेव्हा थांबलं. थवा माझ्या डोक्यावरून एकदा गेला, इतका खाली की पोटांचा पांढरा रंग दिसला, आणि मग वर चढत धुक्यात नाहीसा झाला.

एक मागे राहिलं होतं. माझ्यापासून दोन हातांवर, पाण्यावर, एक पंख पसरून गोल गोल फिरत होतं. तलवार बदकाचा नर. मी त्याला उचललं. एका बगलेत ते प्लास्टिकचं आणि दुसऱ्या बगलेत हे गरम, धडधडणारं, अशी मी परत काठाला आले.

पाहुणा काठावर उभा होता. आता तो शांत नव्हता. "तुम्ही सगळं खराब केलंत," तो म्हणाला. मग त्याची नजर बदकावर गेली, त्याच्या पायांवर. कडी नव्हती. आवाज बदलला. "ते चाचाला द्या. तो कापेल. जखमी पक्षी असाच ठेवणं बरोबर नाही, तुम्हाला माहीत आहे."

चाचांच्या कमरेला सुरी असायची. त्यांनी हात सुरीकडे नेला, पण ती उपसली नाही. ते माझ्याकडे बघत होते. डबा अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

"नाही," मी म्हटलं. "हा पेशंट आहे."

"तुम्ही कुणाच्या व्हिसावर आहात इथे?"

मी त्याच्या बाजूने चालत दवाखान्यात गेले आणि आतून कडी लावली.

मालक यायला खूप वेळ लागला. किती, ते मी सांगू शकणार नाही. मी एक्स-रे काढला. पंखाचं हाड मोडलं होतं, अंगात दोन छर्रे होते. भूल दिली, जखम धुतली, पंख अंगाशी बांधला. हात काम करत होते म्हणून मी उभी होते. खिडकीबाहेर पाहुण्याची गाडी इंजिन चालू ठेवून थांबलेली. दोनदा कुणीतरी दारावर टकटक केलं. मी उघडलं नाही. मालकांचा फोन लागत नव्हता. नवऱ्याचा लागला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "देऊन टाक तो पक्षी."

"कडीशिवाय आहे. मी सही कशी करू?"

"सही तुझी आहे गं. पण व्हिसा आपल्या तिघांचा आहे." मग अगदी हळू, "प्लीज."

मी फोन ठेवला. मला त्याचा राग आला नाही. तोही बरोबरच बोलत होता, आणि त्यामुळेच मला जास्त एकटं वाटलं.

मालक आले ते एकटेच आत आले. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याचा काठ चिखलाने भरलेला. त्यांनी टेबलावरच्या पक्ष्याकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या बोटांच्या पट्टीकडे. मी सांगितलं. आधी बटण मी दाबलं हेही सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "गोळी चालली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिसऱ्या बदकाजवळ."

त्यांची नजर माझ्या रबरी सूटवर गेली. कमरेजवळ एक बारीक भोक होतं. आतली सलवार ओली होती. मला वाटलं होतं, पाणी वरून शिरलं. तिथे, नंतर पाहिलं तर, वाटाण्याएवढा लाल वळ उठला होता. छर्र्याचा जोर रबरातच जिरला होता.

मालकांचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरले. "माझ्या जमिनीवर," ते म्हणाले. एवढंच. मग दार उघडून बाहेर गेले.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झाला नाही. मालकांनी पाहुण्याला सतरंजीवर बसवलं, कॉफी मागवली. दोघं बराच वेळ बोलले. एकदा पाहुणा हसलासुद्धा. वाटलं, मिटलं यांचं आपसात, आता आपलं काही खरं नाही. मग मालक उठले. पाहुण्यालाही उठावं लागलं. त्यांनी त्याला गाडीपर्यंत सोडलं, दार स्वतः बंद केलं. गाडी गेल्यावर ते तिथेच उभं राहून फोनवर बोलायला लागले, आणि बोलता बोलता मला खुणेने बाहेर बोलावलं.

"त्यांना विचारायचं आहे कुठला पक्षी आहे," फोन माझ्याकडे देत ते म्हणाले. पलीकडे सरकारी खात्यातली एक बाई होती. मालकांनी स्वतःच, स्वतःच्या फार्मवर झालेला गुन्हा कळवला होता.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, तळं पाहिलं, लपणं पाहिली, माझा आणि चाचांचा जबाब घेतला, पक्षी उपचारासाठी घेऊन गेली. तो जगला, पण उडणार नाही, असं नंतर कळलं. त्या हिवाळ्यापुरता फार्मचा परवाना थांबला. पाहुण्याचं आणि मेहुण्याचं पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी वाट बघत होते की कुणी शाबासकी देईल. दिली नाही. मालक कित्येक आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. एकदाच म्हणाले, "डॉक्टर, पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. पक्षी मेला तर दंड भरीन. तुमच्या मुलीला काय भरून देणार मी?" शिकार बंद, मग तळ्यावर एवढी माणसं कशाला, म्हणून चाचांना उंटांच्या फार्मवर पाठवलं. मी त्यांना भेटायला गेले. उंटांच्या मध्ये, धुळीत, खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "चाचा, मेरी वजह से हुआ।" ते जरा चिडलेच. "आपकी वजह से क्यों? डब्बा तो मैंने बजाया था।" मग चहा आला. पण उठताना त्यांनी हळूच विचारलं की तळ्यातलं पाणी कमी तर केलं नाही ना, बदकांची पिल्लं किती निघाली. त्यांना तिथे करमत नव्हतं, ते दिसत होतं. पुढच्या हिवाळ्यात मी मालकांकडे तीनदा विषय काढला तेव्हा ते तळ्यावर परत आले.

नवऱ्याने त्या फोननंतर या विषयावर बोलणं टाळलं होतं. मीही टाळलं. आमच्या घरात त्या सकाळचं नाव निघत नसे. निघालं तर भांडण होईल, हे दोघांनाही माहीत होतं. मग एका शुक्रवारी तो स्वतःच म्हणाला, "चल, तुझं तळं बघू." मुलीलाही घेतलं.

तळ्याच्या काठाने ती पुढे धावत गेली. ऊन स्वच्छ होतं, सगळं लांबपर्यंत दिसत होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "कुठे होतीस तू?"

मी बोरूचं टोक दाखवलं.

"आणि तो माणूस?"

मी झावळ्यांचं लपण दाखवलं.

तो आधी इकडे बघत राहिला, मग तिकडे. पुन्हा इकडे. वेअरहाउसमध्ये दिवसभर कंटेनर कुठे बसेल हे नजरेने मापणारा माणूस. त्याने ते अंतर मापलं असणार.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

त्याने माझा हात धरला तो इतका घट्ट की बोटं दुखली. मी सोडवला नाही. मुलगी लांबून ओरडत होती, "Mama, they're following me!" आमची बदकं, मोठी ओळ करून, तिच्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्यामागे निघाली होती. "दे त्यांना," तो तिला ओरडून म्हणाला, आणि त्याचा आवाज मध्येच चिरकला.